वाचकांचे प्रश्न : नारोशंकराची घंटा आणि वसईची खाडी

मागील अंकात वसईच्या बंदरावर आम्ही जो लेख छापला, त्यात मुख्य मुद्दा असा मांडला होता की, वसईचे वैभव तिच्या तटबंदीपेक्षा तिच्याभोवतीच्या पाण्यावर आणि त्या पाण्यात वावरणाऱ्या दर्यावर्दी माणसांवर अधिक अवलंबून होते. त्या लेखावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर राहणाऱ्या वाचकांना एका बंदराविषयी एवढी आस्था वाटावी, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. काही प्रश्नांचा आवाका मोठा असल्यामुळे त्यांची उत्तरेही लांबली आहेत.

प्रश्न : आमचे घर पंचवटीत आहे. नारोशंकराच्या देवळातील मोठी घंटा वसईच्या लढाईतून आली, असे आजी सांगत असे. यात तथ्य किती? आणि बंदरातील घंटा इतक्या दूर आणण्याचे कारण काय?
(एक वाचक भगिनी, पंचवटी)

उत्तर : आपल्या आजींनी सांगितलेली परंपरा नाशिकमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि तिला बळ देणारा पुरावा खुद्द घंटेवरच आहे. घंटेवर १७२१ हे इसवी सनाचे वर्ष कोरलेले आहे. रामेश्वराचे हे देऊळ नारोशंकर दाणी ऊर्फ राजेबहाद्दर यांनी १७४७ साली गोदावरीच्या काठी बांधले. मालेगावचा भुईकोट बांधणारे आणि पेशव्यांच्या वतीने झाशीची सुभेदारी सांभाळणारे नारोशंकर ते हेच. देवळासाठी घंटा नव्याने ओतून घेतली असती, तर तिच्यावर शक आला असता, निदान बांधकामाच्या सुमाराचे साल तरी आले असते. देवळाहून सव्वीस वर्षांनी जुनी आणि ख्रिस्ती कालगणनेचे साल मिरवणारी घंटा मुळात एखाद्या पोर्तुगीज चर्चची असली पाहिजे, हे त्यावरून उघड होते. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली, म्हणजे घंटेचे वर्ष आणि देवळाचे वर्ष यांच्या दरम्यान. कालक्रम परंपरेशी असा नेमका जुळतो.

अशी घंटा केवळ नाशिकलाच आहे असेही नाही. भीमाशंकरच्या देवळातील घंटेवर १७२९ हे वर्ष आहे, तर वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७. तिन्ही वर्षे १७३९ च्या आधीची आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वसईच्या कोटात कॅथेड्रलखेरीज फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे आणि मठ होते. त्यांचे उंच मनोरे आजही पडझडीच्या अवस्थेत उभे आहेत, आणि त्या रिकाम्या मनोऱ्यांखाली उभे राहिल्यावर गोदाकाठच्या घंटेची आठवण होणार नाही असा नाशिककर विरळाच.

आणण्याच्या कारणाविषयी म्हणाल, तर विजयाची खूण देवाच्या दारी वाहण्याची ती रीतच होती. वसईची मोहीम यशस्वी झाल्यास देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता आणि विजयानंतर तो फेडलाही. त्याच भावनेने घंटा देवस्थानांना गेल्या. अवजड वस्तू कोकणातून देशावर न्यायची तर वसईच्या खाडीने कल्याणपर्यंत नावेतून आणि तेथून थळ घाटाने वर, ही रुळलेली वाट होती. इगतपुरी ओलांडली की नाशिक फारसे दूर राहत नाही.

प्रश्न : पांडवलेण्यांत सोपाऱ्याचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, असे मागील लेखात ओझरते म्हटले होते. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. त्या लेखात समुद्राविषयी नेमके काय आहे, हे सविस्तर सांगावे.
(एक विद्यार्थी, सातपूर)

उत्तर : हा प्रश्न आपण विचारलात याबद्दल आपले विशेष आभार, कारण नाशिक आणि समुद्र यांच्या नात्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट दस्तऐवज आपल्या शहराच्या वेशीवर असूनही त्याच्यासमोरून हजारो माणसे नुसती फोटो काढून परततात.

पांडवलेण्यांतील दहा क्रमांकाचे लेणे नहपानाचा विहार म्हणून ओळखले जाते. क्षहरात वंशातील नहपान राजाचा जावई आणि दिनीकाचा पुत्र उषवदात याने ते खोदवले. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही येथे दान दिल्याचा लेख आहे. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. व्हरांड्याच्या भिंतीवरील मोठ्या लेखात उषवदाताने आपल्या दानधर्माची यादी दिली आहे, आणि ती वाचताना हा मनुष्य किनारपट्टीवरच्या प्रवाशांच्या अडचणी किती बारकाईने जाणत होता, ते समजते. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदवली, बागा लावल्या. चार नावांचा हा क्रम म्हणजे त्या काळच्या व्यापाराचा नकाशाच होय : दोन समुद्रावरची बंदरे आणि दोन आतल्या बाजूच्या पेठा.

पण माझ्या मते खरा मोलाचा भाग त्यापुढे आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ, म्हणजे उतारू माणसाकडून काहीही न घेता, नावा चालवण्याची व्यवस्था केली. एवढेच करून तो थांबला नाही. या नद्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना बसण्यासाठी निवारे आणि पाणपोया उभारल्याचेही त्याने नोंदवले आहे. यांतील पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. आता एक गोष्ट पाहा. पार नदी सुरगाणा तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते आणि दमणगंगाही आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत. ज्या पाण्यावर उषवदाताच्या नावा चालत होत्या, त्यातले बरेच पाणी नाशिक जिल्ह्यातल्या पावसाचे होते. भडोचहून किनाऱ्याकिनाऱ्याने सोपाऱ्याकडे येणाऱ्या माणसाला एकामागून एक या नद्यांची रुंद मुखे आडवी येत. तेथे उतार नसे, पूलही नसे. नावाड्याने मागितलेला पैसा देता आला नाही तर गरीब यात्रेकरू, भिक्षू किंवा फिरस्ता काठावरच अडकून पडे. त्या माणसाची सोय राजघराण्यातल्या एका पुरुषाने केली, आणि त्याची नोंद समुद्रकाठी न कोरता घाटावरच्या डोंगरात कोरली, कारण हा सगळा मुलूख त्याच्या दृष्टीने एकच होता.

नारळांचा उल्लेखही येथे येतो. शूर्पारकातील रामतीर्थासह निरनिराळ्या ठिकाणी राहणाऱ्या चरकांच्या, म्हणजे फिरस्त्या साधकांच्या, मंडळींसाठी त्याने नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळाची झाडे दिली. याच लेण्यातील दुसऱ्या लेखात बेचाळिसाव्या वर्षी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेवीने ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते आणि त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च भागायचा होता. विणकरांच्या श्रेणी एवढी मोठी ठेव सांभाळू शकत होत्या, यावरून त्यांचा व्यवसाय किती भरभराटीला आला होता त्याची कल्पना करावी. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे येतात आणि दख्खनमधून कापड बंदरांकडे जात असल्याचे वर्णनही त्यात आहे.

आपण विद्यार्थी आहात म्हणून आणखी दोन ठिकाणे सुचवतो. नहपानाची हजारो चांदीची नाणी १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला होता. त्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत. आपल्या शहराजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेथे जाऊन नाणी कशी वाचतात ते शिकावे. दुसरे ठिकाण म्हणजे नालासोपाऱ्यातील बुरुड राजाचा कोट. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथील स्तूप उकरला, तेव्हा विटांच्या पोकळीत दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडक मिळाले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. सोपारा वसई तालुक्यातच येते. खाडी गाळाने भरत गेली, तसे सोपाऱ्याचे महत्त्व ओसरले आणि त्याच परिसरात आगाशी व वसई ही बंदरे पुढे आली.

प्रश्न : वसईच्या कोटाला तीन बाजूंनी पाणी होते आणि पोर्तुगीज तर समुद्रावरचे बलाढ्य लोक. मग घाटावरून गेलेल्या फौजेने तो कोट जिंकला कसा? शाळेत आम्ही मुलांना सुरुंगांची गोष्ट सांगत असू, पण पाण्याचा विचार कधी केला नाही.
(एक निवृत्त शिक्षक, सिन्नर)

उत्तर : गुरुजी, आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. सुरुंगांची गोष्ट खरीच आहे, परंतु सुरुंग हा त्या मोहिमेचा शेवटचा अध्याय होता. त्याआधी दोन वर्षे मराठे पोर्तुगिजांचे पाणी तोडत होते.

वसईचा कोट खाडीच्या मुखाशी आहे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून १५३४ साली हा मुलूख मिळाल्यापासून पोर्तुगिजांनी येथे आपल्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे केले होते. कोटाला दोन मुख्य दरवाजे. एक जमिनीच्या बाजूचा आणि दुसरा खाडीकडचा, ज्याला दर्या दरवाजा म्हणतात. कोटातील लोकांचे धान्य, दारूगोळा आणि कुमक प्रामुख्याने या दुसऱ्या दरवाजाने येत असे. म्हणजे जमिनीवर कितीही मोठी फौज येऊन बसली, तरी जोवर दर्या दरवाजा चालू आहे तोवर कोट उपाशी पडत नाही. हे चिमाजी अप्पांनी ओळखले होते, असे मोहिमेच्या क्रमावरून दिसते.

१७३७ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी ठाणे घेतले. ठाण्यावरून खाडीचा वरचा भाग हाती आला. त्याच वर्षी उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी असलेले अर्नाळा बेट घेतले आणि तेथे नव्याने जलदुर्ग बांधायला घेतला. अर्नाळ्याच्या दरवाजावरील मराठी शिलालेख आवर्जून वाचावा असा आहे. समुद्राच्या पोटात त्वरेने जंजिरा बांधावा, अशी बाजीरावांनी आपले अधिकारी शंकराजी यांना आज्ञा केल्याचे त्यात पद्यात सांगितले आहे, आणि बांधणाऱ्या स्थपतीचे नाव, बाजी तुळाजी, हेही कोरले आहे. कारागिराचे नाव दरवाजावर कोरण्याचा हा मोठेपणा मला फार भावतो.

१७३९ उजाडताच केळवे-माहीम आणि तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईला वेढा बसला. मार्चमध्ये खाडीच्या दक्षिण काठावरील धारावीचे ठाणे आणि वेसावे मराठ्यांच्या हाती आले. हे धारावी म्हणजे आज मुंबईत ज्याचे नाव ऐकतो ते नव्हे. भाईंदरजवळच्या डोंगरीचा हा भाग होय. तो हाती आल्यावर खाडीच्या मुखावर दोन्ही काठांवरून मारा करणे शक्य झाले. इकडे गोव्याहून मदत येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर यांच्या फौजा थेट गोव्याच्या मुलखात उतरवल्या होत्या. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना फारसा हात दिला नाही. अशा रीतीने समुद्र उघडा दिसत असूनही वसईपुरता तो बंद झाला.

आता सुरुंगांकडे येऊ. कोटाची जमिनीकडील बाजू उत्तरेला, आणि भिंतींभोवतीची जमीन दलदलीची. तेथे मोर्चे पुढे सरकवणे, खणत खणत बुरुजाखाली जाणे आणि दारू कोरडी ठेवणे, हे काम किती जिकिरीचे होते ते भरतीच्या वेळी त्या भागात उभे राहिल्यावर समजते. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे वेढ्यात सामील होते. १३ मे रोजी रेमेदियस आणि सेबॅस्टियन या बुरुजांखालील सुरुंग उडवून मराठ्यांनी हल्ला चढवला. काही सुरुंग उशिराने उडाले आणि त्यात मराठ्यांचीच माणसे सापडली. तरीही हल्ला थांबला नाही. १६ मे १७३९ रोजी पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. त्यांना शस्त्रांनिशी आणि चीजवस्तूंसह बाहेर पडण्याची मुभा दिली गेली, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्मपालनाचे अभय दिले गेले. वसईत आज जो मोठा मराठीभाषक ख्रिस्ती समाज नांदतो आहे, त्याच्या इतिहासात या अभयाचे मोल फार मोठे आहे, आणि विजयाची कथा सांगताना ते सांगायचे राहून जाऊ नये असे मला कळकळीने वाटते.

मे महिन्याचेही महत्त्व मुलांना सांगावे. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की शिडाची जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागत आणि दर्या खुला होई तो नारळी पौर्णिमेनंतर. मे संपला असता तर घाटावरच्या फौजेला खंदकांतल्या चिखलात पावसाळा काढावा लागला असता. दोन्ही पक्ष या एका तारखेकडे डोळे लावून लढत होते.

प्रश्न : गुराब, गलबत, शिबाड ही नावे बखरींत वाचतो, पण डोळ्यांसमोर चित्र उभे राहत नाही. ही जहाजे कशी होती आणि वसईच्या भागात ती बांधली जात होती का?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. होय, आणि पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून. वसईजवळचे आगाशी हे गलबते बांधण्याचे आणि लाकडाच्या व्यापाराचे मोठे ठिकाण होते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी त्यावर चढाया करून तेथील जहाजे हस्तगत केली आणि जाळली, त्यामागे हेही एक कारण होते. मागच्या डोंगरांत सागवान मुबलक, ते नदीतून आणि खाडीतून बंदरापर्यंत आणणे सोपे, आणि हाताशी पिढीजात सुतार. पुढे पोर्तुगिजांनीही याच लाकडावर आणि याच सुतारांवर वसईत जहाजे बांधून घेतली, आणि १७३९ नंतर पेशव्यांच्या वसई सुभ्याचे आरमार याच खाडीत उभे राहिले.

गुराब हे लढाऊ जहाज. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या असत, तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे तीनशे टनांपर्यंत जाई. तिचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग लांब, निमुळता आणि पाण्यालगत झुकलेला असे. समोरून येणारी लाट त्या निमुळत्या भागावर चढे आणि दोन्ही बाजूंनी ओघळून जाई, जहाजाच्या मुख्य भागात शिरत नसे. या भागाच्या मागे आडवी फळी उभी करून तिच्या झरोक्यांतून दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत. युरोपीय जहाजांचा सगळा मारा कुशीवरून, म्हणून मराठी तांडेल, म्हणजे जहाजावरचा प्रमुख खलाशी, शत्रूच्या पिछाडीला येण्याचा प्रयत्न करी, जेथून त्याच्या समोरच्या तोफा चालत आणि शत्रूच्या कुशीवरच्या तोफा निरुपयोगी ठरत. गलबत त्याहून लहान, सहसा सत्तर टनांच्या आतले, पण चपळ. मोठे तिकोनी शीड आणि शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की शिडांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळतात, तेव्हा हीच गलबते वल्ही मारत गुराबेला दोराने ओढून शत्रूवर नेत. शिबाड हे मुख्यतः मालवाहू. मचवा आणि पडाव आणखी लहान, खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या वाहतुकीचे.

बांधणीतली एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. आपल्याकडचे सुतार दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून जोडत नसत. एका फळीच्या कडेला खाच पाडत आणि दुसरीच्या कडेला त्या खाचेत बसेल अशी धार काढत. मध्ये कापूस आणि तेल घालून फळ्या एकमेकींत ठोकून बसवल्या की पाणी शिरायला सरळ फट उरतच नसे. तळाला चुना आणि तेल यांचा जाड लेप दिला जाई, कारण खाऱ्या पाण्यातले किडे लाकूड आतून पोखरतात. हा लेप दर हंगामाला खरवडून नव्याने द्यावा लागे, म्हणून पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या जहाजांभोवती सुतार आणि खलाशी यांचा राबता असे.

तिकोनी शिडाविषयीही थोडे. किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. अनुभवी तांडेल पहाटेच्या मतलईवर बंदराबाहेर पडे, दिवसभर किनाऱ्याला समांतर चाले आणि खाऱ्या वाऱ्यावर संध्याकाळी पुढच्या बंदरात शिरे. बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर चालण्यासाठी तिकोनी शीड फार उपयोगी. मात्र दिशा पालटताना शीड ज्या लांब काठीला बांधलेले असे ती डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी लागे. जोराच्या वाऱ्यात हे काम जिवावरचे. शिडे आणि वल्ही हाकणारे हे बहुसंख्य लोक कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरच्या इतर समाजांतले. त्यांची नावे कागदपत्रांत क्वचित सापडतात. आरमाराचा इतिहास सरदारांच्या नावांनी लिहिला गेला, पण वाऱ्याचे आणि खडकांचे ज्ञान ज्यांच्यापाशी होते ते हे लोक होत.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत गोंधळ होतो. ‘वसईचा तह’ नेमका कोणता?
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : परीक्षेत वर्ष न देता विचारले तर बहुधा ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसरा बाजीराव आणि इंग्रज यांच्यातला तह अभिप्रेत असतो. गुजरातचा बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेला करारही याच नावाने ओळखला जातो. १७३९ च्या मे महिन्यातल्या त्या शरणागतीच्या अटी होत्या. मध्यंतरी १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली होती आणि सालबाईच्या तहानुसार ती मराठ्यांना परत मिळाली, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : मुलांना घेऊन वसई पाहायला जायचे आहे. किल्ला पाहून परत येणे एवढाच हेतू नाही. बंदर म्हणून वसई कशी समजून घ्यावी? आणि भरती-ओहोटीची वेळ आम्हा घाटावरच्यांना कशी कळावी?
(एक वाचक दांपत्य, नाशिकरोड)

उत्तर : रेल्वेने कल्याणला उतरून पुढे दिवा-वसई मार्गाने जाता येते. स्वतःचे वाहन असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर या वाटेने जावे. वळणे पुष्कळ आहेत, पण घाटमाथा संपून कोकण कसे सुरू होते ते मुलांना प्रत्यक्ष दिसेल.

भरतीची वेळ आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दडलेली आहे. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर कोळी आणि खलाशी पूर्वापार एक हिशेब वापरत आले आहेत : शुद्ध किंवा वद्य पक्षातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी, जी संख्या येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि बारा तासांहून थोड्या अधिक वेळाने पुन्हा भरती. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. हा ढोबळ हिशेब आहे, त्यामुळे नावेने जायचे असेल किंवा पाण्यात उतरायचे असेल तर त्या दिवसाचे अधिकृत वेळापत्रकच पाहावे.

सहलीचा दिवस निवडताना उधाणाचा घ्यावा. ओहोटीच्या वेळी आधी दर्या दरवाजापाशी जावे. समोर चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडलेले असतात आणि नावा कुशीवर कललेल्या असतात. मग कोटातील चर्चे, मनोरे आणि बुरूज पाहावेत, तोवर पाणी चढू लागते. त्याच जागी पुन्हा आल्यावर चिखल दिसेनासा होतो आणि खाडी दरवाजाच्या जवळ येऊन ठेपते. बंदराचे कामकाज घड्याळाऐवजी चंद्रावर का चालत असे, ते मुलांना तेव्हा सांगावे. १८६० च्या दशकात या भागात आगगाडी आली आणि मालाला भरतीची वाट पाहण्याची गरज उरली नाही. खाडीतल्या शिडांची संख्या त्यानंतर झपाट्याने घटली.

तरीही वसईचे पाणी ओस पडलेले नाही. किल्लाबंदर आणि पाचूबंदर येथे कोळी बांधवांची मासेमारी चालू आहे. आता नौकांना इंजिने आहेत, पण नाळेचा उंचावलेला आकार जुन्या बांधणीची ओळख अजून सांगतो. पहाटे किंवा मासळी उतरते त्या वेळी गेलात तर शांतपणे बाजूला उभे राहून पाहावे, कामाच्या गर्दीत फोटोसाठी कोणाला अडवू नये, आणि निवांत बसलेले एखादे वृद्ध काका भेटले तर वाऱ्यांची नावे आवर्जून विचारावीत. फेब्रुवारी २०२४ पासून वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान रो-रो सेवाही सुरू झाली आहे. शक्य असेल तर एक फेरी तिने अवश्य करावी. फेरीत एका बाजूला वसईचा कोट आणि दुसऱ्या बाजूला डोंगरीकडची जमीन दिसते. १७३९ च्या मार्चमध्ये धारावीचे ठाणे पडल्यावर कोटातल्या लोकांच्या पोटात गोळा का आला असेल, ते खाडीच्या मध्यावर मुलांना नकाशावाचून समजावता येईल.